अर्थिंगभाऊ

वर्धेतल्या कोणत्याही लेआउटमध्ये जा. दहा-बारा घरांमागे एक घर असं निघतंच, ज्याच्या वरच्या खोलीत दिवसरात्र लॅपटॉप चालू असतो आणि चाळिशीकडे झुकलेला एक माणूस बनियनवर बसून पुण्यातल्या कोणाला तरी "तुमचा आवाज येत नाहीये" असं ओरडून सांगत असतो. हा मूळचा इथलाच. सेवाग्रामच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून बाहेर पडला, पुण्यात बरीच वर्षं काढली, टाळेबंदीत घरी आला आणि कंपनीने परत बोलावलं तेव्हा आईचे गुडघे पुढे करून इथेच राहिला. यातले बहुतेक जण परदेशी बँकांची सॉफ्टवेअरं सांभाळतात. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नसतं. पण त्यांच्यात एक पोटजात आहे. गाडीच्या वायरिंगचं आणि सर्किटांचं सिम्युलेशन करणाऱ्यांची. ओळखायची खूण सोपी आहे. तुमच्या घरी आल्यावर हा माणूस बसायच्या आधी भिंतीतल्या तीन पिनच्या सॉकेटकडे बघतो आणि विचारतो, "अर्थिंग हाये का?"

म्हणून तो अर्थिंगभाऊ. खरं नाव आधार कार्डावर आहे. लेआउटला त्याची गरज पडलेली नाही.

भाऊ नक्की काय करतो हे कोणाला नीट माहीत नाही. लग्नाच्या बायोडाट्यात त्याने 'इलेक्ट्रोमॅग्नेटिक कम्पॅटिबिलिटी' असं लिहिलं होतं, त्यावर मुलीकडच्यांनी "सरकारी हाये का?" एवढंच विचारलं होतं. आई मात्र शेजारणींना नेमकं सांगते. "गाडीत एक यंत्र दुसऱ्या यंत्राले तरास देते का, थे पायते तो. सासू-सुनांचं असते नं, तसंच." विषयाची याहून चांगली व्याख्या मी कुठे वाचलेली नाही. आई हे बोलत होत्या तेव्हा वहिनी स्वयंपाकघरातच होत्या. त्यांनी काही न बोलता मिक्सर लावला. मिक्सरच्या मोटरीतल्या कार्बन ब्रशच्या ठिणग्यांनी ओट्यावरचा रेडिओ खरखरला आणि वरच्या मजल्यावरून भाऊ ओरडला, "ब्रॉडबँड नॉइज!"

मुळात प्रकार असा आहे. तारेतला प्रवाह झटक्याने बदलला की ती तार आपोआप आकाशवाणी होते. परवाना नाही, निवेदक नाही, पण प्रसारण चालू. शेजारच्या तारेला ते ऐकू येतं, आणि ती तार एखाद्या सेन्सरची असली तर ऐकलेलं खरं मानून गाडीचा संगणक भलताच निर्णय घेऊ शकतो. पेट्रोलच्या गाडीत तर प्लगमध्ये दर ठिणगीला दहा-वीस हजार व्होल्ट उडी मारतात. १९३०च्या सुमारास अमेरिकेत मोटारीत रेडिओ बसू लागले तेव्हा लगेच कळलं की गाण्यापेक्षा इंजिनच जास्त ऐकू येतं. १९३४ साली रेडिओच्या खरखरीसाठी एक आंतरराष्ट्रीय समितीच उभी राहिली. तिचं नाव सिस्पर. युरोप दुसऱ्या महायुद्धाच्या दिशेने निघालेला असताना काही सज्जन एकत्र बसून खरखर कशी मोजावी यावर वाद घालत होते, ही गोष्ट भाऊला फार आवडते. "लीग ऑफ नेशन्स बुडाली," तो म्हणतो, "सिस्पर हाये अजून."

ज्यांनी १९८७-८८ साली रविवारी सकाळी टीव्हीवर रामायण पाहिलं त्यांना हा विषय वेगळा शिकवायला नको. ऐन युद्धात गल्लीतून कोणाची तरी स्कूटर जायची आणि पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यांचा मारा व्हायचा. आमच्या गल्लीत पुष्कळांची समजूत ती बाणांची होती. प्लगच्या आतच काही हजार ओहमचा रेझिस्टर असलेले प्लग सगळीकडे रुळले (अशा प्लगच्या नंबरात बहुधा 'आर' हे अक्षर असतं) आणि युद्ध स्वच्छ दिसू लागलं.

भाऊच्या खिशात किल्ल्या, गोरसपाकाचा पुडा आणि काळ्या फेराइटची एक क्लिप असते. लॅपटॉपच्या वायरवर जो जाड गोळा असतो, तोच हा फेराइट. वायरीवरून निसटू पाहणारी उच्च वारंवारितेची खरखर तो उष्णता करून गिळतो. लोक हळदीकुंकवाला वाण देतात, भाऊ फेराइट देतो. लेआउटमधल्या निम्म्या चार्जरांवर त्याने दिलेले गोळे आहेत. त्याचं खरं हत्यार मात्र आजोबांचा ट्रान्झिस्टर. नागपूर आकाशवाणी मीडियम वेव्हवर ५८५ किलोहर्ट्‌झला लागते. भाऊ काटा तिच्यापासून मुद्दाम दूर, जिथे काहीच लागत नाही अशा ठिकाणी ठेवतो आणि तो रेडिओ कानाशी धरून घराघरातून, गाड्यांभोवती फिरतो. जिथे खरखर वाढली तिथे चोर. ही पद्धत अगदी शास्त्रशुद्ध आहे, मोठमोठ्या प्रयोगशाळांत हेच काम महागड्या प्रोबने करतात. पण सिंदी मेघेच्या रस्त्यावर, उभ्या असलेल्या ई-रिक्षाच्या चाकाजवळ वाकून रेडिओवर कान देऊन बसलेला इंजिनिअर बघितला की रिक्षावाला साहजिकच विचारतो, "कोन खेळून रायलं साहेब? स्कोर किती झाला?"

या माणसाचं सगळं तत्त्वज्ञान एका प्रश्नात मावतं. करंट गेला कुठून हे सगळे बघतात. परत कुठून आला? बॅटरीतून निघालेला प्रवाह बॅटरीत परत यायलाच हवा. कंपनीने जायची तार काढून दिलेली असते, यायचं काम मात्र गाडीच्या पत्र्यावर सोपवलेलं असतं. जाण्याचा आणि येण्याचा रस्ता जितका लांब-लांब, तितका मधला फेरा मोठा, आणि फेरा मोठा म्हणजे अँटेना मोठी. दोन्ही तारा जवळ आणून एकमेकींना पीळ दिला की फेरा लहान होतो, आणि एका पिळात शिरलेली खरखर पुढच्या पिळात उलटी होऊन जवळजवळ कटते. भाऊचं नव्वद टक्के ज्ञान एवढंच आहे. उरलेलं दहा टक्के कंपनीच्या लायसन्सवर चालतं.

पाहुणे आले की त्यांना सेवाग्राम दाखवायचं काम घरात त्याच्याकडे असतं. आश्रमात बापूंच्या दफ्तरात जुना टेलिफोन ठेवलेला आहे. व्हाइसरॉय लिनलिथगोंनी तो बसवून दिला, असं तिथे सांगतात. पाहुणे हात जोडतात, मुलांना इतिहास सांगतात. भाऊ खाली वाकून वायर कुठे जाते ते बघतो. त्याचं ठरलेलं व्याख्यान तिथे सुरू होतं. सुरुवातीच्या काळात टेलिफोनला एकच तार असे, परतीचा रस्ता जमिनीतून. मग शहरांत विजेच्या ट्राम आल्या, त्यांचा परतीचा प्रवाहही त्याच जमिनीतून वाहू लागला आणि लोकांना फोनवर बायकोऐवजी ट्राम ऐकू येऊ लागली. पिळाच्या दोन तारांचं पेटंट खुद्द ग्रॅहम बेलचं, १८८१ सालचं. आज तुमच्या गाडीत ब्रेकपासून डॅशबोर्डपर्यंत जी कॅन बस धावते, बॉश कंपनीने १९८६ साली जगापुढे आणलेली, तीही पिळाच्या दोन ताराच. इथवर भाऊ आला की पाहुण्यांतल्या आजी उन्हात बसलेल्या असतात आणि पोरं पेरूच्या गाडीकडे गेलेली असतात.

आता त्याच्या पोटापाण्याकडे येऊ. गाडीचा नवा इलेक्ट्रॉनिक भाग बाजारात आणायचा तर भारतात एआयएस-००४ या मानकाचा तिसरा भाग पाळावा लागतो, आणि गाडीतलाच रेडिओ सुखरूप राहावा म्हणून कंपन्या सिस्पर २५ची चाचणी करतात. आतून टोकदार सुळक्यांनी मढवलेली, बाहेरचा एकही रेडिओ आत न येणारी खोली. तिच्यात तांब्याचा पत्रा लावलेलं टेबल. त्यावर पावणेदोन मीटरच्या आसपास लांबीचा हार्नेस, म्हणजे तारांचं जुडगं, पत्र्यापासून बरोबर ५० मिलिमीटर उंच ठेवलेला. समोर एक मीटरवर अँटेना. कोणी खोकत नाही, कोणाच्या खिशात मोबाइल नाही. पुण्यात १९६६ साली स्थापन झालेल्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेत अशी सोय आहे. बाकी ठिकाणीही आहे, पण तारीख मिळायला दिवस आणि भाड्याला पैसे लागतात. आणि तिथे जाऊन भाग नापास झाला की बोर्ड पुन्हा, साचा पुन्हा, तारीख पुन्हा. म्हणून आधीच सगळं कॉम्प्युटरवर बघून घ्यायचं. त्यासाठी भाऊ.

कॉम्प्युटरवर बघायचं म्हणजे मॅक्सवेलची समीकरणं सोडवायची. ती १८६५ची. पण गाडीसारख्या वेड्यावाकड्या आकाराला ती कागदावर सुटत नाहीत. १९६६ सालीच, म्हणजे इकडे एआरएआय सुरू होत होती तेव्हा, तिकडे अमेरिकेत केन यी यांनी जागेचे बारीक ठोकळे पाडायचे आणि वेळेच्या छोट्या छोट्या पावलांनी पुढे जायचं अशी रीत मांडली. ठोकळा किती बारीक? तरंगलांबीच्या दहाव्या हिश्शाएवढा तरी हवा. एक गिगाहर्ट्‌झला तरंगलांबी ३० सेंटिमीटर, म्हणजे ठोकळा तीन सेंटिमीटरचा. तशा ठोकळ्यांत एक मोटार चारेक लाखांत बसते. ठीक आहे. पण वायर असते दीड-दोन मिलिमीटर जाडीची. तिला न्याय द्यायचा म्हणून अख्ख्या गाडीचे एकेक मिलिमीटरचे ठोकळे पाडले तर आकडा हजार कोटींच्या पुढे जातो. मग तोड काढावी लागते. पत्र्याचं गणित ठोकळ्यांनी, तारांचं गणित टेलिग्राफच्या जमान्यात हेविसाइडने मांडलेल्या समीकरणांनी, सर्किटाचं गणित १९७०च्या दशकात बर्कलेत जन्मलेल्या स्पाइसने, आणि तिघांची सोयरीक भाऊने. सोयरिकीत व्हायचे ते रुसवेफुगवे होतातच. रात्री एक वाजता स्क्रीनवर लाल अक्षरं उमटतात की उत्तर स्थिरावत नाही. वहिनी विचारतात, "झालं का?" तो म्हणतो, "कन्व्हर्ज होत नाही." त्या म्हणतात, "माझंही." आणि दिवा मालवतात.

मे महिन्यात वर्धेचा पारा पंचेचाळीसच्या वर गेला की हे सगळं आणखी रंगतं. लॅपटॉपला थंडावा हवा म्हणून कूलर पाहिजे, आणि कूलरची मोटर सुरू होताना लाईनवर झटका देते म्हणून कूलर नको. भाऊने या पेचावर बराच विचार करून कूलरला वेगळं अर्थिंग काढलं, अंगणात खड्डा खणून त्यात मीठ-कोळसा भरला आणि रोज सकाळी तो त्यात बादलीभर पाणी घालतो. शेजारच्या आजोबांना वाटतं, तिथे तुळस लावायची आहे. एवढं करून चौदा तास चाललेलं सिम्युलेशन अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर येतं आणि लाईन जाते. जाताना फक्त जाते. येताना दोनदा येते.

माझं असं मत आहे की या जातीच्या माणसाला एकट्याने बघू नये. त्याच्यासमोर मिस्त्री उभा करावा.

आर्वी नाक्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक वायरिंगवाले मिस्त्री आहेत. साठी ओलांडलेली, कानावर टेस्ट लॅम्प, समोर कोळशावर तापणारी, डाग द्यायची कय्या. त्यांच्याकडे हिंगणघाटच्या एका कापूसवाल्याची गाडी आली होती. पुढे एलईडीची पट्टी लावली की एफएम मरायचा, हॉर्न दाबला की म्युझिक सिस्टिम बंद होऊन पुन्हा सुरू व्हायची. मालकाने गाडीवर लिंबू-मिरची बदलून पाहिली होती. भाऊ तिथे टायरमध्ये हवा भरायला गेला होता. तक्रार कानावर पडली आणि हवा बाजूला राहिली.

मिस्त्रींनी सवयीप्रमाणे इंजिन चालू ठेवून बॅटरीच्या टर्मिनलला पाना लावला. गाडी बॅटरीशिवाय चालू राहिली तर अल्टरनेटर चांगला, ही त्यांची तीस वर्षांची परीक्षा. भाऊने झेप घेऊन त्यांचा हात धरला.

"काकाजी, नाई! लोड डम्प होईन!"

"काय होईन?"

भाऊने सांगितलं. अल्टरनेटर जोरात चार्ज करत असताना बॅटरी अचानक काढली की त्या करंटला जायला जागा उरत नाही. बारा व्होल्टच्या लाईनवर क्षणभर ऐंशी-शंभर व्होल्ट चढू शकतात. आतला संगणक जळाला तर लाखाच्या घरात खर्च.

"इतक्या गाड्या केल्या, एक मेली नाई."

"तवा गाडीत मरायले होतं काय, काकाजी? बल्ब अन् हॉर्न."

मिस्त्रींना हे पटलं, असं दिसलं. त्यांनी पाना ठेवला आणि बिडी पेटवली, जी ते पटल्याशिवाय पेटवत नाहीत.

मग भाऊने मोबाइलवर गाडीचे फोटो काढले, वायरींची लांबी टेपने मोजली, एलईडी पट्टीच्या खोक्यावरचा मजकूर उतरवून घेतला (खोक्यावर मजकूर नव्हता, फक्त वाघाचं चित्र होतं) आणि घरी जाऊन दोन रात्री मॉडेल बांधलं. तिसऱ्या दिवशी प्रिंटआउट घेऊन आला. निष्कर्ष असा: पट्टीतल्या स्वस्त कन्व्हर्टरला फिल्टर नाही, त्याची खरखर लांब तारेतून अँटेनाजवळ पोचते, हॉर्न आणि म्युझिक सिस्टिमचा परतीचा रस्ता कुठेतरी एकच आहे, त्यामुळे हॉर्नच्या करंटने तिथलं शून्य शून्य राहत नाही. उपाय: अर्थ वेगळे करा, पट्टीच्या दोन्ही तारांना पीळ द्या, फेराइट घाला.

मिस्त्री म्हणाले, "हाव. एका बोल्टवर पाच अर्थ होते. रंगावरच कसले होते. पत्रा खरवडून अलग केले. पट्टीची वायर ड्रिल मशीनमंदी धरून पिळली. गाडी परवाच गेली."

"अन् एफएम?"

"थोडा सूं करते. मालकाले सांगतलं, थे पट्टीचंच गाणं हाये."

भाऊने न बोलता खिशातला फेराइट काढून दिला. पुढच्या खेपेला लावा म्हणाला.

त्या दिवसापासून दोघांची गट्टी आहे. संध्याकाळी काम संपलं की भाऊ दुकानासमोरच्या टायरवर बसतो. त्याला मिस्त्रींकडून हवी असते एकच गोष्ट: खऱ्या गाडीतली तार खरंच कुठून जाते. कारण हार्नेस हा शेवटी हाताने बांधलेला जिन्नस. फळीवर खिळ्यांमधून तारा ओढून टेप गुंडाळतात. आज लाल तार काळीच्या शेजारी येते, उद्या पिवळीच्या. नकाशात तसं काही नसतं. म्हणून सिम्युलेशनवाले एकाच जुडग्याचे शंभर नमुने उलटसुलट करून चालवतात आणि त्यातलं सर्वांत वाईट काय ते बघतात.

"म्हंजे तुमी शंभर बारी चुकून पायता," मिस्त्री म्हणाले. "आमी एकदाच चुकतो. गिऱ्हाईक वापस येते."

आणि थोड्या वेळाने: "त्याच्यात उंदीर टाकता काय?"

"काय?"

"कम्प्युटरमंदी. थंडीत उंदीर बॉनेटात बसते. वायरचं वरचं सालटं खाते. माह्याकडे हिवाळ्यात निम्म्या गाड्या उंदराच्या येतात."

भाऊने डायरी काढून हे लिहून घेतलं. खरं सांगायचं तर पुढच्या आठवड्यात त्याने कंपनीच्या मीटिंगमध्ये तो मुद्दा मांडला. जर्मनीहून जोडलेल्या साहेबांनी तो फार गंभीरपणे ऐकला, कारण त्यांच्याकडे हेच काम मुंगसासारखा दिसणारा मार्टेन नावाचा प्राणी करतो आणि त्यावर विमासुद्धा मिळतो. भाऊला त्या दिवशी प्रथमच वाटलं की वर्धा आणि श्टुटगार्ट यांचा परतीचा रस्ता एकच आहे. हे वाक्य त्याने मला दोनदा ऐकवलं.

मिस्त्रींना एक शंका मात्र बरेच दिवस होती. एकदा त्यांनी विचारून टाकलं. "तुमचं कम्प्युटरवालं अन् त्या पुण्याच्या खोलीतलं, दोन्ही सारखं निंगते का?"

"सारखं कसं निघेल? सहा डेसिबलच्या आत आलं तर आम्ही पेढे वाटतो."

"सहा म्हंजे किती?"

"दुप्पट. किंवा निम्मं."

मिस्त्रींनी कय्या खाली ठेवली. "म्हंजे मी गिऱ्हाइकाले पाचशे सांगतले अन् हजार घेतले, तं तुमच्याकडं थे बरोबर?"

"चांगलं कोरिलेशन म्हणतात त्याला," भाऊ म्हणाला, आणि त्याला वाटलं विषय संपला.

गेल्या महिन्यात भाऊच्याच गाडीचा सेल्फ बिघडला. मिस्त्रींनी अंदाज सांगितला बाराशेचा. संध्याकाळी बिल आलं चोवीसशेचं. भाऊने ते दोनदा वाचलं, मिस्त्रींकडे बघितलं. मिस्त्री टेस्ट लॅम्प पुसत होते.

"सहाच्या आत हाये," ते म्हणाले.

भाऊने पैसे दिले. पेढे मिस्त्रींनी मागवले, तेही त्याच्याच खात्यावर.